कुट्टीतली नावं

होडी वाळूला लागली की पहिली काही मिनिटं कुणी कुणाशी बोलत नाही. जाळं आहे तसं गोळा करून आणलेलं असतं, मासे अजून आसांत, म्हणजे जाळ्याच्या विणीतल्या घरांत, अडकलेले. चार-पाच माणसं जाळ्याच्या दोन्ही अंगांना बसतात आणि मासे सोडवायला लागतात. बांगडा सोडवायचा म्हणजे धागा कल्ल्यांत कुठे रुतलाय ते बोटांनी चाचपायचं आणि माशाला जरा फिरवून मोकळं करायचं. नुसता ओढला तर डोकं फाटतं आणि फाटलेल्या माशाला भाव मिळत नाही. कुर्ली निघाली तर शिव्या बसतात, कारण ती आपल्याबरोबर हातभर जाळं गुंडाळून घेते.

हात चालू असतानाच वाटण्या होत जातात. चांगला मासा एका टोपलीत. घरी न्यायचा आणि शेजारी द्यायचा दुसऱ्या टोपलीत. राहिलेलं सगळं वाळूवर: बोटभर लांबीचे, काट्यांचे, चपटे, विचित्र तोंडांचे, ज्यांच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही असे. त्या ढिगाला कुट्टी म्हणतात. गाड्या भरून जाते तेव्हा ती फिशमीलच्या कारखान्यात जाते आणि तिची भुकटी होते. छोट्या होडीची कुट्टी बहुतेक वेळा कावळे, घारी आणि कुत्री संपवतात.

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी मालवणच्या किनाऱ्यावर वही घेऊन पहिल्यांदा उभी राहिले ती या तिसऱ्या ढिगासाठी. विषय कागदावर साधा होता. गिलनेटमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत न्हैयवाल्यांच्या नि कांडाळीवाल्यांच्या जाळ्यात, किती जातींचे मासे येतात ते मोजायचं. १ ऑगस्टला पावसाळी बंदी उठल्यापासून १ जूनला पुन्हा लागेपर्यंत, उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत, एकदा नि भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, एकदा, किनाऱ्यावर यायचं आणि होड्यांतले मासे जातवार लिहून घ्यायचे. ज्या काकींच्या होडीपाशी मी बसायचे, त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या वहीत डोकावून विचारलं, "ह्या काय लिवतंस गो बाय?" मी म्हटलं, कुट्टीतल्या माशांची नावं. त्या हात न थांबवता म्हणाल्या, "कुट्टीक खंयचा नाव? कुट्टी ती कुट्टीच."

हे वाक्य मला तेव्हा उडवून लावल्यासारखं वाटलं होतं. वही भरत गेली तसं लक्षात आलं की काकींनी माझ्या विषयातली सगळ्यात मोठी अडचण सहा शब्दांत सांगून टाकली होती. नाव मिळतं ते भावाच्या मागून.

पापलेटाचंच बघा. चंदेरी पापलेट वेगळं, कापरी पापलेट वेगळं, काळा तो हलवा. आणि तेवढ्यावर भागत नाही. मालवणात सरंगा म्हटलं की हलवा, आणि उत्तरेकडे मुंबईच्या कोळीवाड्यांत सरंगा म्हटलं की चंदेरी पापलेट. माझ्या वहीतला पहिला महिना या एका शब्दापायी चुकला. मी पुस्तकातला सरंगा लिहीत होते आणि समोरची माणसं त्यांचा सरंगा सांगत होती. चंदेरी पापलेटाला तर २०२३ मध्ये महाराष्ट्राने राज्यमासा केलं. घोळ माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला 'बोत' असं स्वतंत्र नाव आहे, कारण ती पिशवी माशापेक्षा महाग विकली जाते. एका अवयवाला नाव आहे, आणि वाळूवरच्या अख्ख्या ढिगाला मिळून एक.

मधल्या माशांची गत आणखी वेगळी. त्यांना नाव असतं, पण एका नावाखाली अनेक जण राहतात. सुरमईच्या टोपलीत अंगावर उभे पट्टे असलेली असते आणि ठिपके असलेलीही असते. दोन्ही वेगवेगळ्या जाती, वाढायच्या लांबीत मोठा फरक. पण त्या निदान ओळखू येतात. मुशीचं, म्हणजे शार्कचं (इथे तिला मोरीही म्हणतात), तसं नाही, आणि मला सगळ्यात जास्त चिंता तिचीच वाटते. आपल्या किनाऱ्यावर सहज मिळणारी एक मुशी आहे, फावड्यासारख्या चपट्या नाकाची. ती पूर्ण वाढली तरी हातभरच. तिच्या शेजारी टोपलीत तेवढ्याच लांबीची दुसरी मुशी असते, काळ्या टोकांच्या परांची, आणि ती असते दोन-अडीच मीटर वाढणाऱ्या जातीचं पिल्लू. एक आजी आणि एक तान्हं बाळ, एकाच टोपलीत, एकाच नावाने, एकाच भावाने. पिल्लू उलटं केलं तर छातीच्या दोन परांच्या मधे एक बारीक चीर दिसते. ती नाळेची खूण. काही जातींच्या मुशी आपल्यासारख्याच नाळेवर वाढतात आणि जन्मानंतर काही आठवडे ती जखम भरत असते. एकदा ती चीर बघायला शिकलं की मुशीच्या टोपलीकडे पूर्वीसारखं बघता येत नाही. मोठ्या मुशी वयात यायला कित्येक वर्षं घेतात आणि एका वेळी मोजकीच पिल्लं देतात. हिशोबाच्या वहीत मात्र दोन्हींची नोंद एकच: 'मोरी, इतके किलो'.

आता जाळ्याविषयी, कारण जाळ्यात काय आलं हे समजायला जाळं काय निवडतं हे आधी समजायला हवं.

गिलनेट ही पाण्यात उभी केलेली भिंत. वरच्या दोरीला तरंगणारी भेंडं, खालच्या दोरीला शिसं, मधे जवळजवळ न दिसणारा नायलॉनचा पडदा. जाळं माशाच्या मागे जात नाही, मासा जाळ्याकडे येतो. लहान मासा आसातून पार होतो, फार मोठ्याचं डोकंच आत शिरत नाही, आणि मधला कल्ल्यांपर्यंत शिरतो आणि मागे फिरताना अडकतो. फ्योदर बारानोव या रशियन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच याचं गणित मांडलं: आस जितका मोठा, त्याच प्रमाणात त्यात सर्वांत जास्त अडकणारा मासा मोठा. बांगड्यासाठी ताणलेला आस साधारण ५० मिलिमीटरचा लागतो, तारलीला त्याहून बारीक, पापलेटाला दुपटीहून मोठा. काकींच्या घरचे काका हेच बोटांनी करायचे. आसात बोटं घालून डोळे मिटल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "ह्या बांगड्याचा." त्यांची बोटं आणि बारानोवचं सूत्र यांच्यात मला कधी भांडण दिसलं नाही.

म्हणून गिलनेट हे निवडक जाळं समजलं जातं, आणि ते खरंही आहे. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलच्या तुलनेत ते पिल्लांना फारच कमी धरतं. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. योग्य आसाचं गिलनेट हा नियम कागदाविनाच पाळतं. पण ही निवड कल्ल्यांनी अडकणाऱ्या गुळगुळीत माशांपुरतीच. ज्याच्या अंगाला काटे आहेत, दात आहेत, पाय आहेत, त्याला आस मोजून अडकावं लागत नाही. शिंगाळ्याचा काटा कुठल्याही आसात गुंततो. कुर्ली, शेवंड, शंखसुद्धा गुंततात. म्हणून वाळूवरचा ढीग इतका रंगीबेरंगी असतो. टोपलीतला मासा आसाने निवडलेला असतो, ढिगातला त्याच्या स्वतःच्या अंगामुळे सापडलेला.

आणि यातूनच माझ्या प्रबंधाच्या मुळाशी असलेली खोच पुढे आली. मी समुद्रातली विविधता मोजतेय असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी मोजत होते ती समुद्र, आस, जाळ्याची खोली, चंद्र आणि तांडेलाचा अंदाज या सगळ्यांतून गाळून आलेली विविधता. भांगाला पाणी संथ आणि नितळ, जाळं माशाला दिसतं. उधाणाला पाणी गढूळ, ओढ जोरात, जाळं आडवं पडतं. खडकाळ तळाजवळ टाकलं तर तांबोशी आणि करकरा, वाळूच्या तळावर लेप. तेच जाळं, तीच माणसं, दुसरा दिवस, दुसरी यादी.

यादी झाली की तिचा आकडा काढायचा असतो. जाती किती हे नुसतं मोजणं पुरत नाही, त्यांची वाटणी कशी आहे हेही बघावं लागतं. त्यासाठी जगभर वापरली जाणारी दोन मापं आहेत, आणि दोन्ही माशांपासून फार दूर जन्मली. एक क्लॉड शॅननचं, १९४८ चं. तो टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत संदेशांमधली अनिश्चितता मोजत होता. दुसरं एडवर्ड सिम्पसनचं, १९४९ चं; युद्धकाळात तो ब्लेचली पार्कला शत्रूच्या सांकेतिक लिप्या फोडणाऱ्यांत होता. पुढचा संदेश कोणता येईल याची जितकी खात्री कमी, तितकी विविधता जास्त. 'संदेश'च्या जागी 'मासा' ठेवला की झालं.

समजा, एका जाळ्यात १०० मासे आले: ९१ बांगडे आणि बाकी नऊ जातींचा एकेक. दुसऱ्या जाळ्यातही १०० मासे आणि १० च जाती, पण प्रत्येकीचे १०. शॅननचा निर्देशांक पहिल्यासाठी ०.५० येतो, दुसऱ्यासाठी २.३०. सिम्पसनच्या रीतीने विचारलं, की डोळे मिटून दोन मासे उचलले तर ते एकाच जातीचे निघण्याची शक्यता किती, तर पहिल्यात शंभरात सुमारे ८३, दुसऱ्यात सुमारे ९. जातींची संख्या तीच असून दोन जाळ्यांमधलं अंतर एवढं.

मला हे गणित आवडतं. पण याच्यात एक फसवणूक दडलेली आहे आणि ती मला काकांनी दाखवली, त्यांना निर्देशांक हा शब्द ठाऊक नसताना. डिसेंबरात माझे आकडे छान चढायला लागले होते. मी खुशीत सांगितलं, जाळ्यात विविधता वाढतेय. काका जाळ्याचं भोक सांधत होते. म्हणाले, "बांगडो खंय हा?"

बांगडा नव्हता. थवे त्या पंधरवड्यात आमच्या पाण्यात आलेच नव्हते, आणि ९१ जाऊन १५ राहिले की उरलेल्यांचा वाटा आपोआप वाढतो. ते वाढलेले नव्हते, फक्त त्यांच्यावरची सावली हटली होती. माझ्या आलेखात तो महिना सर्वांत समृद्ध दिसत होता आणि काकींच्या घरात तो सर्वांत ओढगस्तीचा होता. ज्या होडीच्या डिझेलचे पैसे सुटत नाहीत, तिच्या जाळ्याला 'विविधतेने संपन्न' म्हणणं मला त्या दिवसापासून जमलेलं नाही. डॅनिएल पॉली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये जगभरच्या मासेमारीविषयी जे लिहिलं, की मोठे शिकारी मासे कमी होत जातात तसतशी पकड अन्नसाखळीच्या खालच्या पायऱ्यांवर सरकत जाते, त्याची आठवण ठेवूनच असा आकडा वाचायला हवा. चढलेला निर्देशांक चांगली बातमी असू शकतो, वाईटही. कोण गेलं आणि कोण आलं, हे नावानिशी ठाऊक असल्याशिवाय ते कळत नाही.

केंड माशाचं उदाहरण घेते. फुगणारा, पोपटासारख्या दातांचा, विषारी, ज्याला कुणी खात नाही असा मासा. कधीमधी त्याच्या झुंडीच्या झुंडी येतात, जाळ्यात अडकलेले बांगडे नि म्हाकूल कुरतडतात आणि वर जाळंही कापून ठेवतात. एका रात्रीत जाळ्याच्या चिंध्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. केंडाला खाणाऱ्या मोठ्या माशांमध्ये मोदोसा आहे, आणि मोदोसा हा भाव असलेला मासा, म्हणून पकडला जाणारा. केंड मात्र विकला जात नाही, त्यामुळे त्याचा हिशोब ठेवण्याचं कारण कुणाला नव्हतं. तो किती होता आणि किती झाला हे सांगायला जुनी वही हवी होती. ज्याला भाव नाही त्याने जाळं फाडल्यावर त्याची विचारपूस सुरू झाली.

मोठ्या, अंगाने अडकणाऱ्या जिवांची विचारपूस कायद्याने सुरू केली. ऑलिव्ह रिडले कासव गिलनेटमध्ये गुंततं आणि श्वासाला वर येता आलं नाही तर बुडून मरतं. गादा, म्हणजे किनाऱ्याजवळचा कुबडा डॉल्फिन, त्याचंही तेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे दोघे आहेत, बहिरी म्हणजे व्हेल शार्क २००१ मध्ये आला. जिवंत सापडलेल्याला सोडायचं तर पुष्कळदा जाळं कापावं लागतं, आणि जाळं म्हणजे होडीवाल्याचं भांडवल. २०१८ च्या डिसेंबरात राज्याने अशा कापलेल्या जाळ्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायचं ठरवलं. ही योजना मला मनापासून आवडते, कारण तिने दया आणि नुकसान यांतलं एक निवडायला लावलं नाही. वेळासच्या किनाऱ्यावरून २०२२ च्या जानेवारीत उपग्रह-टॅग लावून सोडलेल्या 'प्रथमा' नावाच्या कासवीचा नकाशावरचा ठिपका बघताना मला सारखं वाटायचं, आता ही कुणाच्या जाळ्यापाशी असेल? तिला निदान नाव होतं.

करवत माशाला ते भाग्य मिळालं नाही. काकांच्या जुन्या घरात भिंतीवर एक करवत टांगलेली होती, हातापेक्षा लांब, दोन्ही कडांना दात. काकांच्या आजोबांच्या वेळची. नाकाचंच पातं झालेला हा मासा. त्याने तो वाळू उकरतो, थव्यात वार करतो. आणि तेच पातं कुठल्याही जाळ्यात, कुठल्याही आसात, पहिल्या फटक्याला गुंततं. जाळी सुताची नि सणाची होती तोवर ती तुटायची, कुजायची. नायलॉन तुटत नाही. आज करवत मासा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि पाण्यात जवळपास दिसत नाही. काकांनी स्वतः जिवंत करवत मासा कधी पाहिला का, असं मी विचारलं होतं. त्यांनी मान हलवली आणि करवतीवरची धूळ पुसली.

म्हणून मी ढिगाकडे वळते. कासव, गादा, करवत मासा यांच्याकडे आता लोक बघतात. वाळूवरच्या बोटभर माशांकडे अजून कुणी बघत नाही. त्यांच्यात काप्यासारखे चपटे, चांदीच्या पत्र्याचे मासे असतात. त्यांच्या अन्ननलिकेभोवती प्रकाश देणाऱ्या जिवाणूंची एक कंकणासारखी पिशवी असते. गळ्यात दिवा घेऊन फिरणारा मासा, आणि आपण तो टोपलीभर कावळ्यांना टाकतो! त्यांना खाऊनच टोपलीतली सुरमई सुरमई होते, हे तर वेगळंच. आपण भाव असलेल्या माशाला वाचवायचे नियम करतो आणि त्याच्या जेवणाला नाव देत नाही.

फेब्रुवारीत एकदा काकींनी ढिगातून एक मासा उचलून माझ्यासमोर धरला. बोटाएवढा, मोठ्या डोळ्यांचा, अंगावर आडव्या रेघा, आणि तोंड न मिटणारं. आत साबुदाण्यासारखे बारीक दाणे गच्च भरलेले.

"ह्येच्या तोंडात गाबोळी खंयसून इली?"

मी सांगितलं की मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. फुटून पिल्लं बाहेर पडेपर्यंत तोंडातच सांभाळतो.

"म्हंजे बापूस?" काकींचे हात पहिल्यांदाच थांबले. "आणि तो खाता काय?"

"काहीच नाही. अंडी आहेत तोवर उपाशी."

त्यांनी शेजारच्या बाईला हाक मारली, तिने तिच्या सुनेला. चार जणींनी त्या माशाचं तोंड उघडून बघितलं. कुणीतरी "माझ्या घोवाक दाखवक व्हयो" म्हणालं आणि सगळ्या हसल्या. काकी हसल्या नाहीत. त्यांनी वाकून ढीग पसरला आणि तसलेच आणखी तीन शोधून काढले. दोघांची तोंडं रिकामी होती, एकाचं भरलेलं. मी वहीत शास्त्रीय नाव लिहिलं. त्यांनी विचारलं, काय लिहिलंस. मी वाचून दाखवलं. त्यांनी ते नाव एकदा तोंडात घोळवून बघितलं आणि सोडून दिलं.

प्रबंध कधीच संपला. मालवण सुटून आता बरीच वर्षं झाली, आणि हंगामातून एखाद-दुसरा फोन अजून येतो. मागच्या खेपेला सकाळी साडेसहाला आला. मागे लाटांचा आणि माणसांचा आवाज होता.

"बापूसमासो इलो हा," काकी म्हणाल्या. "तीन हत. दोगांची तोंडां भरलेली. सुनेन वेगळे काढल्यान. बर्फात ठेवलंय, कधी येतंस?"

मी विचारलं, जाळं किती आसाचं होतं, किती पाण्यात टाकलं होतं. पलीकडे त्यांनी तेच काकांना ओरडून विचारलं आणि उत्तर यायची वाट बघत आम्ही दोघी फोन धरून थांबलो.